पाय खोलात

ओल्या जमिनीला मराठीत एकच नाव नाही, कारण ती सगळीकडे सारखी नसते. सर पडून गेल्यावर अंगणात होतो तो चिखल. पाण्याबरोबर वाहत येऊन तळाशी बसतो तो गाळ. गटाराच्या कडेला साचतो तो रेंदा. ज्या रानातून पाण्याचा निचरा होत नाही आणि उभ्या पिकाची मुळे कुजतात, ते रान चिबड. क्षार वाढून माती घट्ट चोपून बसली की तीच जमीन चोपण. किनाऱ्यावर भरतीचे पाणी बांध घालून आवरलेली जमीन खाजण. वर्षाचा बराच काळ पाणी धरून बसणारी, लव्हाळ्याची आणि पक्ष्यांची जागा पाणथळ. आणि पाय टाकला तर तळ लागत नाही, काढू गेले तर निघत नाही, ती दलदल.

ही नावे हौसेखातर पडलेली नाहीत. प्रत्येक जमिनीवरचा इलाज वेगळा आहे. चिखल वाळू द्यायचा, गाळ उपसायचा, चिबडात चर खणायचे, चोपणात जिप्सम टाकायचे, खाजणात मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचे पाणी सांभाळायचे. दलदलीपुरता एकच शहाणपणाचा उपाय लोकांना माहीत होता: वाट बदलायची.

बोलण्यात मात्र हे सगळे बारकावे गळून जातात. माणूस कर्जाच्या दलदलीत अडकतो, व्यसनाच्या दलदलीत रुततो. धंदा गाळात जातो. दिवसेंदिवस पाय खोलात जातो. निवडणूक आली की चिखलफेक सुरू होते. रस्त्यात पावसाने झालेला तो राडा आणि दोन गटांत जुंपली तर तोही राडाच. शेजारच्या कन्नडमध्येही हेच. चिखल म्हणजे ‘केसरु’, आणि पुढाऱ्यांनी एकमेकांवर केलेल्या आरोपांना तिथली वर्तमानपत्रे ‘केसरेरचाट’ म्हणतात, म्हणजे चिखलफेकच.

चांगला अर्थ अगदीच नाही असे नाही. कमळ चिखलातच उगवते हे आपण मुलांना सांगतो. भातलावणीआधी खाचरात चिखलणी केली नाही तर रोप धरत नाही, हे कोकणात कोणालाही ठाऊक असते. कन्नडमध्ये तर एक फार सुंदर म्हण आहे: ‘कै केसरादरे बायि मोसरु’. हात चिखलात माखले तर तोंडी दही पडते. पण या अर्थांमध्ये माणूस चिखलाला चिखल समजून, कामासाठी त्यात उतरलेला असतो. वाईट अर्थांची गोष्ट वेगळी आहे. तिथे माणसाला वाटत असते की आपण जमिनीवर चाललो आहोत.

हे सांगणारे क्रियापद मराठीत तयारच आहे. गाडी चिखलात फसते आणि भोळा माणूसही फसतो. अडकणे आणि ठकवले जाणे, या दोन्हींना एकच शब्द. दलदलीचा खरा स्वभाव याच शब्दात आहे. ती नुसती ओली असते म्हणून धोक्याची नसते. नदी तिच्याहून ओली असते, पण नदीत कोणी चालत जात नाही. दलदल वरून जमिनीसारखी दिसते, बऱ्याचदा जमिनीपेक्षा हिरवीगार दिसते, आणि म्हणून माणूस पाऊल टाकतो.

या प्रकरणात या एका गोष्टीचा माग घ्यायचा आहे, आणि त्यासाठी बेंगळुरूइतके चांगले ठिकाण नाही. या शहराने दलदलीला आधी जमीन मानले, मग तिचे सातबारे केले, मग तिच्यावर कार्यालये उभारली. शब्दशः दलदल आणि अलंकारिक दलदल इथे एकाच सर्व्हे नंबरात सापडतात.

पाय निघत का नाही

आधी पायाखाली काय होते ते पाहू. चिखलात किंवा रुतणवाळूत मातीचे कण एकमेकांना टेकून एक सैल सांगाडा करून बसलेले असतात, आणि मधल्या पोकळ्यांत पाणी भरलेले असते. स्थिर असेपर्यंत हा सांगाडा थोडा भार पेलतो. पाऊल पडले, हादरा बसला की सांगाडा मोडतो आणि क्षणभर सगळे पातळ होते. पाय आत जातो. हालचाल थांबली की कण पुन्हा खाली बसतात, आणि या वेळी पायाभोवती आधीपेक्षा घट्ट बसतात.

अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली ‘नेचर’ या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. माणसाच्या शरीराइतक्या घनतेचे अ‍ॅल्युमिनियमचे मणी त्यांनी रुतणवाळूवर ठेवले आणि ती हलवली. मणी अर्धे बुडाले आणि तरंगत राहिले. म्हणजे सिनेमात खलनायक टोपीसकट गडप होतो, तसे होत नाही. कमरेपर्यंत गेल्यावर माणूस थांबतो. अडचण बाहेर येण्याची असते. पाय वर ओढताना खाली पोकळी होऊ पाहते आणि घट्ट बसलेल्या कणांमधून तिथे पाणी लवकर पोचत नाही. पाय सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने काढायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतका जोर लागेल, असे त्यांचे गणित निघाले. म्हणून जोर लावू नये. मागे रेलावे, भार पसरावा, पाय हळूहळू हलवत भोवती पाणी शिरू द्यावे.

तळ्याकाठच्या दलदलीत आणखी एक गोष्ट असते: पापुद्रा. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, वरचा थर वाळतो, त्याला भेगा पडतात आणि तो पक्क्या जमिनीसारखा दिसू लागतो. खाली हातभर ओला गाळ तसाच असतो. पाण्याकडे निघालेली गुरे इथेच रुततात. त्यांचे वजन मोठे आणि खूर अरुंद. त्याच चिखलावरून कमळपक्षी मात्र आरामात फिरतो. त्याची बोटे इतकी लांब असतात की त्याचा भार पसरून जातो. गुरे रुतली की गावकरी फळ्या अंथरतात त्या याच कारणाने.

नदी नसलेल्या शहराची तळी

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास, पाण्याच्या दुभाजकावर वसलेले आहे. शहरातून बारमाही मोठी नदी वाहत नाही. पश्चिमेकडे पडलेला पाऊस वृषभावती आणि अर्कावती नद्यांतून कावेरीला जातो, पूर्वेकडचा दक्षिण पिनाकिनीला. पाणी इथून निघून जाते, इथे येत नाही. केंपेगौडा पहिला याने 1537 मध्ये शहर वसवले तेव्हा पाणी अडवणे ही पहिली गरज होती. त्यातून तळी झाली. कन्नडमध्ये ‘केरे’. शहाजीराजांना 1638 नंतर बेंगळुरूची जहागीर मिळाली आणि पुढे व्यंकोजींच्या काळापर्यंत, म्हणजे 1687 पर्यंत, शहर भोसल्यांकडे राहिले. तेव्हाही ही तळी म्हणजेच शहराचे पाणी होते.

ही तळी सुटी नव्हती, माळेसारखी जोडलेली होती. उतारावर आडवा मातीचा बांध घालायचा, त्याला ‘एरी’ म्हणत. शेताला पाणी सोडण्याची मोरी ‘तूबु’. जादा पाणी जाण्याचा सांडवा ‘कोडी’. वरच्या तळ्याची कोडी वाहू लागली की ते पाणी ‘राजकालुवे’ या ओढ्या-नाल्यांतून खालच्या तळ्यात उतरायचे. तूबु उघडणारा, पाणी वाटून देणारा गावकामगार म्हणजे नीरगंटी. तळे भरून कोडी वाहिली की आजही त्याला ‘बागिन’ अर्पण करतात. आपण नदीची खणानारळाने ओटी भरतो तसा हा मान.

प्रत्येक तळ्याला दोन टोके असत. बांधाकडचे खोल आणि वरच्या अंगाचे उथळ. आपली दलदल या उथळ टोकाला होती. नाल्याचे पाणी जोरात येई आणि पाणकणीस, लव्हाळा, गवत यांत शिरून मंदावे. मंदावले की गाळ खाली बसे. तो उन्हाळ्यात शेतकरी शेतात टाकायला नेत, कुंभार आणि वीटवाले माती नेत. उघड्या पडलेल्या तळात गुरे चरत.

या चिखलात काय चालते ते पाणकणसाचे एक रोप उपटले तर दिसते. मुळांभोवतीचा गाळ काळाकुट्ट असतो आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, कारण तिथे प्राणवायू नाही. पण गाळ धुऊन मूळ पाहिले तर त्यावर तांबूस नारिंगी लेप दिसतो. तो गंज आहे. पाणकणसाच्या पानांत आणि खोडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून हवा थेट मुळांपर्यंत उतरते, मुळांतून थोडी बाहेर पाझरते आणि गाळातल्या लोखंडाला गंज चढवते. म्हणजे एका मुळाभोवती केसभर अंतरात प्राणवायू असलेली आणि नसलेली अशा दोन्ही जागा तयार होतात. सांडपाण्यातल्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू पहिल्या जागेत राहतात, त्या नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे दुसऱ्या जागेत. पाणी शुद्ध करायला ही दोन्ही पावले लागतात. आधुनिक शुद्धीकरण केंद्रात त्यासाठी हवा फुंकणाऱ्या मोटारी आणि वेगवेगळ्या टाक्या बांधाव्या लागतात.

बदनामी

एवढे काम करणारी जागा बदनाम कशी झाली? वास आणि ताप, या दोन गोष्टींमुळे. दलदलीतून निघणारी दूषित हवाच ताप आणते, अशी युरोपात जुनी समजूत होती. मलेरिया हा शब्दच इटालियन भाषेतल्या ‘वाईट हवा’ या शब्दांवरून आला. ब्रिटिशांनी 1809 मध्ये आपली फौज श्रीरंगपट्टणहून बेंगळुरूला हलवली ती श्रीरंगपट्टणच्या रोगट हवेला कंटाळून. उंचावरच्या बेंगळुरूची हवा चांगली, म्हणून इथे छावणी झाली.

याच छावणीत 1883 मध्ये रोनाल्ड रॉस नावाचा तरुण लष्करी डॉक्टर राहायला आला. त्याच्या बंगल्यात डास फार. खिडकीबाहेर पाण्याचे एक टप होते आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्याने टप उपडे केले आणि डास कमी झाले. त्या टपातले डास हिवतापाचेच होते असे नाही. पण साचलेले थोडेसे पाणी आणि डास यांचे नाते त्याच्या मनात बसले ते तिथे. पुढे 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला त्याला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला आणि वाईट हवेचा सिद्धान्त मोडीत निघाला.

दलदलीवरचा ठपका मात्र पुसला गेला नाही, फक्त आरोप बदलला. आधी तिची हवा वाईट होती, आता तिचे डास. हिवताप हटवण्याचे कारण पुढे करून बेंगळुरूतली काही तळी आटवली गेली. एक घमेले पाणी डासांना पुरते हे रॉसला ज्या शहरात कळले, तिथेच.

दुसरे कारण नळ. 1890 च्या दशकात हेसरघट्टाहून शहरात नळाने पाणी आले, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीच्या धरणातून आणि 1974 मध्ये थेट कावेरीतून. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर लांबून, काहीशे मीटर वर चढवून आणावे लागते. पण नळ फिरवणाऱ्याला ती चढण दिसत नाही. घरात पाणी आल्यावर गावातल्या तळ्याकडे पाहण्याची नजर बदलली. पाण्याची जागा आता मोकळी जागा दिसू लागली.

स्टँड, स्टेडियम, वसाहत

पुण्या-कोल्हापूरहून रात्रीच्या बसने येणारा मराठी माणूस पहाटे मॅजेस्टिकला उतरतो. ते केंपेगौडा बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या तळात आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम आहे. शूले तळ्यावर फुटबॉलचे मैदान, अक्कितिम्मनहळ्ळी तळ्यावर हॉकीचे. 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी कोरमंगलात खेळाडूंची वसाहत बांधली ती श्रीनिवागिलु तळ्यावर. यांतले बहुतेक काम सरकारी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. आयते सपाट, झाडे नसलेले, कोणाच्या खाजगी मालकीचे नसलेले विस्तीर्ण क्षेत्र नगररचनाकाराला आणखी कुठे मिळणार?

संपंगीची कहाणी अभ्यासक हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या दफ्तरांतून काढली आहे. तळ्याच्या पाण्यावर भाजीपाला आणि फुले पिकवणाऱ्यांना ते भरलेले हवे होते. छावणीतल्या अधिकाऱ्यांना पोलो खेळायला ते कोरडे हवे होते. दोन्ही बाजूंचे अर्ज सरकारदरबारी जात राहिले, आणि अखेर कोरडे हवे असणाऱ्यांची सरशी झाली. तळ्याचा एक लहानसा तुकडा मात्र राखला गेला, कारण धर्मराय मंदिराच्या करग उत्सवातले विधी तिथे होतात. हा उत्सव ज्या तिगळ समाजाचा, तो परंपरेने बागाईत करणारा.

तळी संपत चालल्याचे सरकारला कळत नव्हते असे नाही. 1980 च्या दशकात लक्ष्मण राव समितीने उरलेली तळी राखण्याच्या शिफारशी केल्या. पुढे कोळिवाड समितीने बेंगळुरूच्या शहरी आणि ग्रामीण जिल्ह्यांतल्या तळ्यांची मोजणी केली आणि 10 हजार एकरांहून अधिक तळ्यांच्या जमिनीवर अतिक्रमण झाल्याचे विधानसभेला सांगितले.

हिरवळ पेटते

बेलंदूर हे शहरातले सर्वांत मोठे तळे, सुमारे 900 एकरांचे. शहराच्या सांडपाण्याचा मोठा हिस्सा माळेतून घरंगळत इथे येतो. उथळ टोकावरची जुनी दलदल ते गाळून घेऊ शकेल अशी राहिली नव्हती. साबणाचा फेस करणारी रसायने आणि कुजणारा मैला यांचे पाणी कोडीवरून कोसळताना घुसळले जाई आणि फेसाचे ढीग रस्त्यावर चढत. पाण्यावर जलपर्णी अशी दाट माजली की दुरून पाहणाऱ्याला कुरण वाटावे.

मे 2015 मध्ये हे तळे पेटले. फेब्रुवारी 2017 मध्ये पुन्हा पेटले. जानेवारी 2018 मध्ये लागलेली आग विझवायला लष्कराचे सुमारे पाच हजार जवान उतरले आणि तरी एक दिवसाहून अधिक वेळ लागला. पाण्याला आग कशी लागते, हा प्रश्न तेव्हा जगभर विचारला गेला. कडेला पेटवलेला कचरा, वाळलेली जलपर्णी, तेलकट तवंग आणि तळातून येणारा मिथेन अशी कारणे पुढे आली. मिथेन हा दलदलीचा जुना सोबती. 1776 मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटतात हे दाखवले. हाच तो मिथेन.

मग पाण्याची पाळी आली. 4 सप्टेंबर 2022 च्या रात्री बेंगळुरूत 130 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. आउटर रिंग रोडवर, इकोस्पेस या कार्यालयांच्या संकुलाच्या परिसरात, येमलूरच्या बंगल्यांच्या वसाहतींत पाणी शिरले. संगणक अभियंते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कामाला गेले, ती छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. नकाशा उघडला तर यात नवल काही नाही. हा सगळा भाग बेलंदूर, वर्तूर आणि त्यांना मिळणाऱ्या लहान तळ्यांच्या मधला. पाणी आपल्या नेहमीच्या वाटेने निघाले होते. वाटेत तळघरातले वाहनतळ होते. बातम्या बंगल्यांच्या झाल्या, कारण त्या वर्षी पाणी बंगल्यांत शिरले. एजिपुरासारख्या सखल वस्त्यांमध्ये ते अनेक पावसाळ्यांत शिरते आणि कोणी ट्रॅक्टर पाठवत नाही.

दीड वर्षाने, मार्च 2024 मध्ये, त्याच शहरात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगा लागल्या. शहरातल्या सुमारे 14 हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळपास 7 हजार कोरड्या पडल्याचे राज्य सरकारने सांगितले. आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला होता हे खरे. पण जास्त पाऊस झाला तर बुडायचे आणि कमी झाला तर तहानायचे, या दोन्ही दुखण्यांचे मूळ एक आहे. पाणी रेंगाळेल अशी जागा राहिलेली नाही. रेंगाळणे म्हणजेच दलदल.

कागदी दलदल

आता त्याच जागेवर उभी राहिलेली दुसरी दलदल पाहू. तळ्याच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या कडेला जमीन स्वस्त असते. उन्हाळ्यात ती कोरडी आणि सपाट दिसते. कोणीतरी चुना टाकून प्लॉट आखतो. शेतजमिनीचे बिगरशेतीत रीतसर रूपांतर न करता पाडलेल्या अशा प्लॉटला बेंगळुरूत ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात. खरेदीखत होते, त्यावर मुद्रांक असतो. वीज येते. महापालिका कर घेते आणि पावतीही देते, फक्त नोंद ‘बी-खाता’ या वेगळ्या वहीत करते. या वहीत नाव आहे म्हणजे कर भरला आहे, जागा कायदेशीर आहे असे नाही. घेणाऱ्याला मात्र हातात खाते आल्यासारखे वाटते. वरचा पापुद्रा तो हाच.

पुढे एकेका पावलाने पाय खोलात जातो. मोठ्या बँका बी-खात्यावर कर्ज द्यायला नाखूश असतात, म्हणून जास्त व्याजाचे कर्ज घ्यावे लागते. बांधकामाची परवानगी अडते, म्हणून मधल्या माणसाला पैसे दिले जातात. एवढे गुंतल्यावर सोडून देता येत नाही, म्हणून वरचा मजला चढवला जातो. मग ऑगस्ट 2016 सारखा एखादा महिना येतो. मोठ्या पावसानंतर त्या वर्षी राजकालुवेवरची अतिक्रमणे पाडायला बुलडोझर निघाले, तेव्हा हातात मुद्रांकित कागद धरून लोक दारात उभे होते.

नियमही पायाखालून सरकत राहिले. मे 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तळ्यापासून 75 मीटर बांधकाम नको असे सांगितले. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि शहराच्या विकास आराखड्यातली 30 मीटरची जुनी मर्यादा पुन्हा लागू झाली. अनियमित बांधकामे दंड भरून नियमित करून देणारी ‘अक्रम-सक्रम’ ही योजना राज्य सरकारने आणली, तिला जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. तिच्या भरवशावर घेतलेली घरे मधल्या मध्ये राहिली.

यात फसलेले सगळे लोभी नव्हते. पगारातून हप्ता भरणारी, गावाकडचे रान विकून आलेली माणसे यांत पुष्कळ आहेत. त्यांनी हिरवे दिसले, सपाट दिसले, इतरांची घरे दिसली, म्हणून पाऊल टाकले. दलदलीत गुरे रुततात तीही तहानेपोटीच जातात.

पाण्याला वाट

मग दलदल वाईट की चांगली? उत्तरासाठी शहराच्या उत्तरेला जक्कूरच्या तळ्याकडे जावे. तिथे रोज 1 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्यासाठी बांधलेले केंद्र आहे. त्यातून निघालेले पाणी सरळ तळ्यात सोडत नाहीत. आधी ते मुद्दाम राखलेल्या पाणथळीतून, पाणकणसाच्या दाट रानातून फिरवतात. मुळांभोवतीचा नारिंगी लेप आणि काळा गाळ आपापली कामे करतात. पुढच्या तळ्यात मासेमारी चालते, पाणकोंबड्या आणि बगळे असतात. जागेचे वर्णन करायचे तर गुडघाभर चिखल, डास, कुजका वास, रुतणारा पाय. शब्दकोशातल्या दलदलीची सगळी लक्षणे इथे आहेत, पण कोणी तिथे फसत नाही. पाणी एका बाजूने येते, ठरलेला वेळ थांबते आणि दुसऱ्या बाजूने जाते. आणि कोणी तिला प्लॉट म्हणत नाही.

या दोन गोष्टी असल्या की दलदल पाणथळ होते. महाराष्ट्रात याची दोन उलटसुलट उदाहरणे आहेत. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल आहे. झाडांची मुळे श्वास घ्यायला गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात. गावाने ती देवराई म्हणून राखली आणि 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. उलट सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात चांगली काळी जमीन माणसानेच चिबड केली. वारेमाप पाणी दिले आणि ते बाहेर पडायची सोय केली नाही. क्षार वर आले, पीक बसले, आणि शेतकरी त्या जमिनीसकट कर्जात रुतला. आता तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा लागतो आहे. एकीकडे निसर्गाची दलदल आहे आणि तिथे कोणी बुडाले नाही. दुसरीकडे दलदल नव्हतीच, ती केली गेली.

बेंगळुरूत घर घेणाऱ्याला यातून करता येण्याजोगे काही आहे. कर्नाटक सरकारच्या ‘दिशांक’ या ॲपवर सर्व्हे नंबरानुसार जुना गावनकाशा पाहता येतो. तळे कुठे होते, राजकालुवे कुठून जात होता, ते त्यात रेघांनी दाखवलेले असते. जागा पाहायला मार्चमध्ये नव्हे, सप्टेंबर-ऑक्टोबरात जावे, कारण शहराचा मोठा पाऊस तेव्हा असतो. खाते कुठले, रीतसर ‘ए’ की ‘बी’, हे व्यवहाराआधी विचारावे. आणि सर्वांत आधी विचारावे की इथले पाणी कुठून येते आणि कुठे जाते. पहिल्याचे उत्तर दलाल लगेच देतो. दुसऱ्याला तो अडखळला तर निघावे.

तोच प्रश्न प्लॉटबाहेरही उपयोगी पडतो. कर्ज, भागीदारी, कोर्टकज्जा, कुठल्याही व्यवहारात उतरताना आपण आत काय येणार ते पाहतो. बाहेर पडायची वाट कागदावर लिहिली आहे का, ती वापरायला किती पैसे आणि किती वर्षे लागतील, हे क्वचित विचारतो. वाट असेल तर चिखलातही उतरायला हरकत नाही. हात माखले तर दही मिळते हे कन्नड शेजारी सांगतातच. वाट नसेल तर ती जागा कितीही कोरडी दिसो, तिच्यात पाय टाकू नये. टाकलाच असेल तर पहिल्याच ओढीत काढायचा हट्टही नको. भार कमी करावा, पसरावा, वेळ लागणार हे गृहीत धरावे आणि वरचा मजला चढवणे त्या दिवशीच थांबवावे.